नव्या विश्वासी भावाला : साक्षीची सुरुवात घरातून

जय ख्रिस्त, भाऊ. तुमची तळमळ पाहून फार आनंद झाला. साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगताना, पहिल्या वर्षी एवढंच सांभाळा.

१. घरच्यांशी वाद नको. नवे विश्वासी हमखास इथेच चुकतात. घरच्या देवांविषयी एक कडवट शब्द गेला की पुढे कुणी ऐकूनच घेत नाही. मीही आईला असंच दुखावलं होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं लक्षात ठेवा, घाई करू नका.

२. कुणी विचारलं तर जरूर सांगा. १ पेत्र ३:१५ हे बायबलमधलं वचन (तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या) पुष्कळांना पाठ असतं, पण त्यातली ‘सौम्यता’ बोलताना विसरते.

३. व्यवहार चोख ठेवा. किराणावाल्याची उधारी थकवून रविवारी उपासनेत पुढच्या बाकावर बसणारा माणूस गल्लीला बरोबर कळतो.

चुकलात तर त्याच दिवशी माफी मागा, ‘पण’ न जोडता. माझ्या आईने प्रार्थनेविषयी पहिल्यांदा विचारलं, ते मी तिची अशी माफी मागितल्यानंतरच.

त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, याचे) वगैरे अवघड प्रश्न तूर्तास पाळकसाहेबांकडे राहू द्या.