अंदाजाने ‘चौतीस’ सांगू नकोस

प्रिय मुली,

ऑनलाइन ब्रा मागवायची आहे आणि साइज कोणती टाकू ते कळत नाही, असं तू लिहिलंस. आई म्हणाली, ‘माझी चौतीस, तुझीही तीच असेल.’ बहुतेक घरांत हे असंच चालतं. दुकानात गेलं तर काउंटरपलीकडे पुरुष असतो, त्याच्याशी जास्त बोलायला संकोच वाटतो. तो नजरेनंच अंदाज करतो, एक डबा पुढे सरकवतो, आणि आपण तो घेऊन बाहेर पडतो. त्यापेक्षा तू घरी टेप घेऊन मोजते आहेस, हे फार बरं.

शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप घे. नसेल तर साधी नाडी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजलीस तरी चालेल. फक्त ब्लाउजच्या मापावर जाऊ नकोस. ब्लाउज शिवताना छातीचा सगळ्यात भरलेला भाग धरतात. ब्राचा आकडा मात्र स्तनांच्या खालच्या घेरावरून ठरतो. ब्लाउज ३६चा म्हणून ब्राही ३६ची घेणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. स्तनांखालून मागे जाऊन हुकाला लागणारी पट्टी पाठीवर वर चढलेली, आणि या आपल्या खांद्याचे पट्टे आवळत बसलेल्या.

पॅड नसलेली साधी ब्रा घालून आरशासमोर सरळ उभी राहा. आधी स्तनांच्या लगेच खाली टेप लाव, श्वास सोड आणि माप घे. टेप अंगाला घट्ट बसू दे, पण रुतू देऊ नकोस. पाठीमागे तो हमखास खाली घसरतो, म्हणून आरशात वळून बघ किंवा खोलीतल्या मैत्रिणीला धरायला सांग. मग सगळ्यात भरलेल्या भागावरून दुसरं माप घे. या वेळी टेप नुसता टेकलेला हवा, दाबलेला नको.

आता खरी गोम ऐक. समज, खालचा घेर ३० इंच आणि वरचा ३६ आला. जुन्या पद्धतीत खालच्या घेरात ४ इंच मिळवतात, की झाले ३४. वरच्या मापाशी फरक २ इंचांचा. या फरकावरून कपाचं, म्हणजे स्तन मावतो त्या वाटीसारख्या भागाचं, अक्षर ठरतं: १ इंचाला ए, २ला बी, ३ला सी, ४ला डी. म्हणजे ३४ बी. दुसऱ्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत. मग पट्टी ३०ची आणि फरक तब्बल ६ इंचांचा, कप डीच्याही पुढचा! अंग तेच, माप तेच, आणि उत्तरं दोन. म्हणून मोबाइलवरच्या कुठल्याही कॅल्क्युलेटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. ज्या कंपनीची ब्रा घेणार, तिचाच तक्ता उघड आणि आपली दोन्ही मापं त्यात शोध. पुढच्या वेळी कंपनी बदललीस तर तक्ताही नव्यानं बघ.

तक्त्यातून निघालेली साइज ही फक्त सुरुवात. खरं काय ते घातल्यावर कळतं. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक वापरून ढिलं होतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पहिल्याच दिवशी आतला हुक लावावा लागला तर ती मोठी आहे. घातल्यावर पुढे वाकून बाजूचा भाग हातानं कपात नीट घे आणि मग हात वर कर. पट्टी जागची हलायला नको. भार मुख्यतः या पट्टीनं पेलायचा असतो. खांद्यावर लाल वळ उठत असतील तर पट्टी सैल आहे असं बहुतेकदा समजावं. कपाच्या कडेतून वर किंवा काखेकडे फुगवटा आला तर कप लहान, कापडाला चुण्या पडल्या तर मोठा. वायर असेल तर ती स्तनाच्या मुळाशी बसावी, त्यावर चढू नये.

यात एक सोपी युक्ती आहे. ३४ बीचा कप बरोबर आहे पण पट्टी सैल वाटते, तर ३२ बी मागवू नकोस, ३२ सी मागव. पट्टी एक आकडा खाली आली की तेवढाच कप मिळायला अक्षर एक पुढे जातं. पट्टी घट्ट होत असेल तर उलट, ३६ ए.

एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी निघाली तर घाबरू नकोस, बहुतेकींची तशीच असते. माप मोठ्या बाजूला धर. पाळीच्या आधी स्तन जड होतात, त्या दिवसांत मोजू नकोस. वजन बरंच कमी-जास्त झालं तर पुन्हा मोज. आणि हो, धुतलेली ब्रा ओढणीखाली लपवून दमट कोपऱ्यात वाळत घालायची सवय सोड. पावसाळ्यात ओलसर ब्रा घातली की स्तनांखाली खाज आणि बुरशी आलीच म्हणून समज.

पहिल्यांदा एकच मागव, तीही परत घेतात की नाही ते वाचून. अंतर्वस्त्रं बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, आणि घेतलीच तर लेबल काढलेलं चालत नाही. साधी, फिक्या रंगाची, सुती घे. लेसचं नंतर बघू. दोन्ही मापं मला कळव, कंपनीचा तक्ता आपण मिळून बघू.

तुझी,
मावशी