दिवस मावळायच्या आत

प्रिय पोरी,

परवा अमृततुल्यमध्ये चहा गार झाला तरी तू लॅपटॉप मिटला नाहीस. श्रीलंकेची पूर्ण फेरी, ११ दिवस, १३८० किलोमीटर. निगोम्बो, जाफना, त्रिंकोमाली, अरुगम बे, एल्ला, गॅले, परत निगोम्बो. दर दिवसाला एक ओळ आणि शेवटच्या रकान्यात मुक्कामी पोचायची वेळ. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता, संध्याकाळचे ७.

तू विचारलंस, "काका, मैत्रीण गळाली. आता पूर्ण करू की अर्धीच करून येऊ?" मी चहाचे पैसे दिले, हेल्मेट उचललं आणि तुझी चेन कोरडी आहे एवढंच बोललो. तुला राग आला असणार. मला त्या रकान्याबद्दल बोलायचं होतं आणि चार लोकांत ते जमलं नसतं, म्हणून हे पत्र.

एकटी जातेस याबद्दल मी काही लिहिणार नाही, ते घरी पुरेसं बोलून झालं असेल. हात तुझा चांगला आहे. ताम्हिणीत भर पावसात तुझ्या मागे गाडी चालवली आहे मी, तेव्हा "जा, जमेल तुला" वगैरेही नको. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. दिवस मावळायच्या आत गाडी स्टँडवर. मुक्काम आलेला असो वा नसो.

श्रीलंकेचं घड्याळ आपलंच आहे. विमानातून उतरल्यावर काटे फिरवावे लागत नाहीत, आणि माणूस फसतो तो तिथेच. ते बेट पुण्याच्या बरंच पूर्वेला, शिवाय विषुववृत्ताजवळ. एप्रिलात आपल्याकडे पावणेसातला पर्वतीवरून सूर्य अजून दिसत असतो, तेव्हा तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य जाऊन अर्धा तास झालेला असतो. संधिप्रकाशही आखूड. हेडलाइट लावू का नको म्हणेपर्यंत अंधार. मी गेलो तेव्हा मनगटावरचं घड्याळ बरोबर होतं, पण माझं अंग पुण्याचं होतं. सहा वाजले की त्याला वाटायचं, अजून तासभर आहे. तू जानेवारीत जातेस, तेव्हा हा फरक कमी असतो. तरी ७ म्हणजे तिथे मिट्ट काळोख.

२०१७ च्या एप्रिलात मी आणि माझा भागीदार तिथे गेलो. भोसरीत १९ वर्षं एकत्र वर्कशॉप चालवलं आम्ही. एकच भाड्याची गाडी, मी पुढे, तो मागे, आणि अर्थातच पूर्ण फेरी. हे फेरीचं खूळ आपल्या रक्तातच असावं. देवळात गेलो की प्रदक्षिणा, नर्मदेला गेलो की परिक्रमा, अर्ध्यातून फिरलं की पाप लागल्यासारखं वाटतं. नकाशावर चहूबाजूंनी पाणी दिसलं की त्याला वेढा घातल्याशिवाय चैन नाही.

त्या दिवशी एल्लाहून निघायलाच ११ वाजले. हजार मीटरवरून वेल्लवायाकडे तो घाट उतरतो, रस्त्याला लागूनच रावणा धबधबा. तिथे थांबलो, माकडांनी भागीदाराच्या हातातली केळी नेली, त्यावर हसण्यात वेळ गेला. एप्रिलात तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला. मोनरागलाला दीड तास एका टपरीत काढला. पाऊस थांबला तेव्हा साडेचार झाले होते आणि मुक्कामाचं पोट्टुविल अजून ७० किलोमीटर. सियंबलांडुवाला एका गेस्ट हाउसची पाटी दिसली. तो मागून म्हणाला, "इथेच पडू या का?" मी म्हणालो, "आज पोचलो नाही तर फेरी बोंबलली." गाडी थांबवलीसुद्धा नाही.

पुढे लाहुगलाचं जंगल लागतं. हत्तींसाठीचं राष्ट्रीय उद्यान, अगदी रस्त्याच्या कडेला. माझे डोळे दोन्हीकडच्या झाडीत हत्ती शोधत होते आणि रस्त्यात म्हैस बसली होती. पाऊस पडून गेला तरी डांबर कोमट असतं, गुरं उबेला येऊन बसतात. काळ्यावर काळं.

परत आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की म्हैस आडवी आली. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. आडवी नव्हती आली. बसली होती, रवंथ करत होती.

आता हेही ऐक. स्पीड ५० च्या आत होता. हेडलाइटची काच धुरकट होती, मागचा टायर गुळगुळीत होता, आणि समोरून येणाऱ्या बसवाल्याने नेमका तेव्हाच अप्पर मारला. यातलं एकही खोटं नाही. पण सियंबलांडुवाची ती पाटी मी वाचली होती, हेही खोटं नाही.

टपरीवजा दुकानाला तिथे 'कडे' म्हणतात. अशा एका कडेतून एक बाई बॅटरी घेऊन धावत आली. तिने थंबिली, म्हणजे ते नारिंगी सालीचं शहाळं, फोडून भागीदारापुढे धरलं. त्याला ते दोन हातांनी धरता येईना, म्हणून तिनेच तोंडाला लावलं. मागे एक पोरगा तिला "अक्का, अक्का" म्हणून हाका मारत होता. थोरल्या बहिणीला सिंहलीत आणि तमिळमध्येही अक्काच म्हणतात. तो शब्द ऐकला आणि मी रस्त्यातच बसून रडलो. भागीदाराचं कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं होतं. अजूनही शर्टातून डाव्या खांद्यावर उंचवटा दिसतो, आणि सॅक तो कायम उजव्याच खांद्याला लावतो. दिवाळीला येतो, फराळ करतो. गाडीचा विषय काढत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. संगम पुलाजवळच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, १ वर्ष चालतं. पण तिथे उतरल्यावर त्यावर स्थानिक मान्यताही घ्यावी लागते. मी आरटीओत गेलो होतो, तिथली मान्यता मात्र घेतली नाही, कारण दुकानदार म्हणाला, कोणी विचारत नाही. खरंच, आठ दिवसांत एकाही पोलिसाने विचारलं नाही. विचारलं ते विमा कंपनीने, आणि क्लेम फेटाळला. पॉलिसीत दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाच. आणि दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर डिपॉझिटचे पैसे दे, पासपोर्ट नाही.

गाडी घेताना डोळे उघडे ठेव. रस्त्यावर पल्सर आणि बजाजच्या रिक्षा इतक्या दिसतील की आकुर्डीत आल्यासारखं वाटेल, पण २०२० पासून जवळजवळ पाच वर्षं तिथे वाहनांची आयात बंद होती, त्यामुळे भाड्याच्या गाड्या वयस्कर असतात. ब्रेक पॅड, टायर आणि हेडलाइट बघ. हेडलाइट दुपारीच लावून बघ, दुकानातल्या भिंतीवर.

तू म्हणालीस, एक्स्ट्रा लाइट बसवून घेते. अगं, तुला दिसायची सोय करशील, म्हशीला टेललॅम्प कोण लावणार? बिनदिव्याच्या सायकलला? हबरणाकडे संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या हत्तीला? बुट्टला ते कतरगाम या रस्त्यावर तर हत्ती खाण्यासाठी गाड्या अडवतात. तिकडे दुचाकीवर दिवसाही जाऊ नकोस. दिवस मावळायच्या आत गाडी स्टँडवर, याला लाइट हे उत्तर नाही.

आणि ते फोनमधले तास. गॅलेहून परतीला फोन दाखवतो ती वेळ कारची, सदर्न एक्स्प्रेसवेची. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारखंच तिथेही दुचाकीला आत घेत नाहीत. तुझ्या वाट्याला किनाऱ्याचा जुना ए-२ रस्ता, गावामागून गाव, आणि अंगावर येणाऱ्या बस. त्या ओव्हरटेक करताना समोर दुचाकी आहे हे धरतच नाहीत. कडेच्या मातीत उतरायचं, हॉर्न मारत भांडायचं नाही. घाटात ताशी २५ चा हिशेब धर. आता तुझ्या ओळी पुन्हा मांड, निम्म्या दिवसांचं गणित कोलमडेल.

म्हणून अर्धी. शिवाय जानेवारीत पूर्वेकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. पूर्ण फेरी घालायची म्हणजे एका किनाऱ्यावर भिजायचंच. कँडी, रंबोड्याचा घाट, नुवारा एलिया, हपुतले, एल्ला, तिथून उतरून तिस्समहाराम, मग गॅले. साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, ११ दिवस. वाटेत रिकामा दिवस आला तर येऊ दे.

आमच्या ग्रुपमध्ये मला अजून 'अर्धी लंका' म्हणतात. म्हणू देत. २०२४ च्या जानेवारीत मी एकटा पुन्हा गेलो होतो, हे त्यांना ठाऊकही नाही. रोज ४ ला थांबायचो. हपुतलेला, लिप्टनने १८९० मध्ये बांधलेल्या डंबातेन्नेच्या चहाच्या कारखान्याच्या अलीकडे, असाच ४ ला थांबलो, म्हणून पानांचं वजन होताना दिसलं. पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याला काटा टांगलेला, बायका एकेक गोणी अडकवतात, मुकादम गोणीचं आणि पाण्याचं वजन कापून वहीत आकडा लिहितो. एक म्हातारी मुकादमाकडे बघतच नव्हती. सुई थरथरायची थांबेपर्यंत तिने काट्यावरची नजर हलवली नाही, मग स्वतःशी आकडा पुटपुटली आणि बाजूला झाली. मी अंधार पडेपर्यंत तिथल्या कठड्यावर बसून होतो. गाडी लॉजच्या दारात होती.

लाहुगलाला मी तेव्हाही गेलो नाही. जाता आलं असतं, दिवस शिल्लक होते.

रविवारी सकाळी ये. माझा कागदी नकाशा आहे, एक जादाची क्लच केबल आहे, ती तिथल्या पल्सरला बसते. शेवटचा रकाना बदलून आण. सगळ्या ओळींत ४ दिसले तर नकाशा मिळेल, ५ लिहिलंस तर नुसता चहा.

आणि चेनला तेल लावून ये.

तुझा,
काका