मुलगी वॉक घेऊन येते, हे काय कमी आहे?

प्रश्न: सर, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या टीममधून सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच खेळ) खेळते. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) मॅचमध्ये तिला दोनदा वॉक मिळाला, म्हणजे चार खराब बॉल सोडून ती फर्स्ट बेसवर, धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, गेली, पण हिट एकही नाही, तर घरी आजोबा म्हणाले अगं बॅट फिरवलीच नाहीस तर खेळलीस काय. ती रडवेली झाली. कोच मात्र खूश, म्हणाले अमेरिकेत बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त वॉक कोणी घेतले याची दरवर्षी वेगळी नोंद असते. हे खरंय की नुसती समजूत काढली?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर: ताई, कोच शंभर टक्के खरं बोलले.

आजोबांना वाटत असणार की हे आपल्या वाईडसारखं, चूक बॉलरची, बॅटरने काय केलं. पण वाईडवर बॅट फिरवली आणि हुकली तरी तो वाईडच राहतो, इथे बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवून हुकली की स्ट्राइक तिच्या नावावर. तीन स्ट्राइक झाल्या की आउट. म्हणजे चार खराब बॉल सोडायचे आणि ते सुद्धा अर्ध्या सेकंदाच्या आत ओळखून सोडायचे, मग फर्स्ट बेस मिळतो. सोपं नाहीये हो ते.

आता लोक म्हणतात पिचर (बॉल टाकणारा) घाबरतो म्हणून वॉक देतो. काहींच्या बाबतीत खरंय. अमेरिकेतले बेसबॉलचे दोन मोठे हिटर घ्या, बेब रूथ 11 वेळा आपल्या लीगमध्ये वॉकमध्ये पहिला आला, बॅरी बाँड्स 12 वेळा. बाँड्सला 2004 मध्ये एका सीझनला 232 वॉक मिळाले, त्यातले 120 तर मुद्दाम दिलेले, कारण त्याला बॉल टाकायचीच भीती. (त्याच्यावर स्टिरॉइड्सचा संशय आहे आणि तो मला खटकतो, पण रेकॉर्ड त्याचंच आहे.)

पण मला तुमच्या मुलीला सांगायचंय ते एडी योस्टबद्दल. हा वॉशिंग्टनच्या टीमचा थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसपाशी फील्डिंग करणारा), याला कोणी घाबरत नव्हतं. 1956 मध्ये त्याचं बॅटिंग अॅव्हरेज फक्त .231 होतं, म्हणजे वॉक सोडून धरलेल्या दर शंभर संधींत जेमतेम 23 हिट. तरी त्या वर्षी त्याने 151 वॉक घेतले आणि शंभरातल्या 41 वेळा बेसवर पोचला! नुसती नजर आणि संयम, बाकी काही नाही. असा तो 6 वेळा लीगमध्ये पहिला आला, लोक त्याला वॉकिंग मॅनच म्हणायचे. आणि रिकी हेंडरसन, 1998 मध्ये 39 वर्षांचा असताना 118 वॉक घेऊन पहिला, आणि बेसवर पोचला की पुढचे बेस चोरायचा (पिचर बॉल टाकत असतानाच धावून पुढचा बेस गाठायचा), त्यातही त्या वर्षी तोच पहिला.

हे सगळं मोजायचं कारण एकच, टीमला प्रत्येक इनिंगमध्ये तीनच आउट मिळतात आणि वॉक घेणारी मुलगी आउट होत नाही, वर पिचरला जास्त बॉल टाकायला लावते ते वेगळं.

फक्त एक बघा, मधोमध आलेला बॉल सुद्धा ती सोडतेय का? तसं असेल तर ती घाबरतेय, तेवढं कोचशी बोला. आणि पुढच्या मॅचला आजोबांना घेऊन जा, कॅचरच्या मागे जाळीपाशी बसवा आणि प्रत्येक बॉल मधला (म्हणजे स्ट्राइक) की बाहेरचा ते अंपायरच्या आधी सांगायला लावा.