'बेताची परिस्थिती' आणि 'मटणाचा बेत'

प्रश्न कोल्हापूरचाच आहे. 'घरची परिस्थिती बेताची, तरी रविवारी मटणाचा बेत' असं वाक्य विचारणाऱ्यानं लिहिलं, तर ऑफिसातल्या एका ज्येष्ठांनी त्यावर लाल खूण केली. बेताची म्हणजे गरिबी, बेत म्हणजे मेजवानी, दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी 'चैन' लिहा, असं त्यांनी सुचवलं. वर 'बेत' हा शब्द वेताच्या छडीवरून आला, असंही सांगितलं. यात खरं काय?

वाक्य बरोबर आहे. एक अक्षरही बदलू नका.

'बेताची' म्हणजे दरिद्री, हा अर्थ सत्काराच्या भाषणांनी माथी मारलाय. 'अत्यंत बेताच्या परिस्थितीतून वर आले' हे वाक्य हटकून ऐकू येतं. बेताला 'अत्यंत' लागणार कसं? जे मापात बसतं ते बेताचं. 'मीठ बेतानं घाल' म्हणजे कमी घाल असं नाही, लागेल तेवढंच घाल. बेताची परिस्थिती म्हणजे ज्या घरात सगळं भागतं पण मापानं, ते घर. ज्या घरात भागतच नाही त्याला हलाखी म्हणतात, आणि तो शब्द मराठीत धडधाकट आहे.

योजना, मनसुबा वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. खरी गंमत क्रियापदात आहे. बेतणे म्हणजे कापड मापून कापणे. हिंदीत ब्योंतना म्हणजे हेच, आणि 'कतर-ब्योंत' म्हणजे चक्क काटकसर. गुजरातीत वेतरवुं म्हणजेही कापड मापून कापणं. तिन्ही भाषांत शिंप्याची कात्री आहे, म्हणून माझ्या मते बेताचं मूळ शिंप्याच्याच पाटावर आहे. नाटक एखाद्या कथेवर 'बेतलेलं' असतं ते यामुळेच.

शिंपी काय करतो ते बघा. ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस आहे. सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा, नाहीतर शिवल्यावर पहिल्याच धुण्यात आटतो. मग पाठ आणि पुढचे भाग उभ्या धाग्यावर, बाजूच्या शिवणीला इंचभर माया सोडून. (शिवणीत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणणारी भाषा आपली आहे, याचा अभिमान बाळगा.) त्यानंतर बाह्या. गळ्याची उरेब पट्टी सगळ्यांत शेवटी, उरलेल्या तुकड्यांतून. उरेब म्हणजे तिरकी. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी गोल गळ्याला वळत नाही, चुण्या पडतात. अखंड उरेब पट्टी काढायला गेलात तर कापड फार खाते, म्हणून छोटे तिरके तुकडे जोडून ती लांब करायची. सुरुवातच हौसेच्या लांब बाह्यांनी केली, तर पाठ कमी पडते. सजावटीची पट्टी निघते, पण क्रमानं कापलं तरच. यालाच बेत म्हणतात.

आता मटण. कोल्हापुरात 'आज काय बेत हाय?' असं विचारलं की उत्तरात फक्त पदार्थ येत नाहीत, किती जणांत किती, हेही येतं. अर्धा किलो मटण आणि पाच माणसं, हे गणित तांबडा-पांढरा रस्सा सोडवतो. मटणाला हळद, आलं-लसूण लावून, कांद्यावर परतून दीड-दोन लिटर पाण्यात शिजवायचं. ते पाणी म्हणजे अळणी. मटण काढून कांदा-लसूण मसाल्यावर सुकं करायचं. अळणीचे दोन वाटे: एकात वाटण आणि कांदा-लसूण चटणी, तो तांबडा, दुसऱ्यात अर्ध्या नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण आणि खडा मसाला, तो पांढरा. खसखस परवडत नसेल तर तिळाचं प्रमाण वाढवा, थोडे काजूचे तुकडे घाला. नारळाचं दूध घातल्यावर आच मंद ठेवून ढवळत राहायचं. खळखळून उकळलं की रस्सा फाटतो आणि मग तो सांधत नाही. घाईत अळणी कमी पडली म्हणून शेवटी साधं पाणी ओतलं, की दोन्ही रस्से पाणचट. पाणी पहिल्यांदाच मोजून घालायचं असतं. अर्ध्या किलोत सुकं आणि दोन रस्से, म्हणजे अर्धा किलोच बेतलं की! 'रविवारी मटणाचा बेत' या शब्दांत बेताची परिस्थिती आधीच आहे.

वेताच्या छडीचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. छडीनं मोजता येईल, पण छडीपासून कापण्याचं क्रियापद कसं निघालं ते त्या ज्येष्ठांनी दाखवावं. हिंदीत छडीचा बेंत आणि कापण्याचा ब्योंत वेगवेगळे नांदतात. मराठीतही छडीला वेतच म्हणतात, बेत कुणी म्हणत नाही. नुसता ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही.

'बजेटमध्ये बसतं' म्हणणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. बजेट हा फ्रेंच 'बूजेत'वरून आलेला शब्द, म्हणजे चामड्याची छोटी थैली. 1733 मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान वॉलपोल याच्या करयोजनेची टर उडवणाऱ्या पत्रकात थैली उघडल्याची कल्पना होती, आणि तिथून तो सरकारी जमाखर्चाला चिकटला. थैलीत किती आहे ते बजेट सांगतं. त्यातून काय काय निघेल ते बेत सांगतो. 'बजेट मटण' असं लिहिण्याची वेळ मराठीवर येऊ नये.

राहिली 'चैन'. 'चैन पडत नाही' मधली चैन म्हणजे जिवाला स्वस्थता. हिंदीतही हाच अर्थ आहे. मराठीत तोच शब्द उधळपट्टीच्या शेजारी जाऊन बसला. म्हणून कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या पेलाभर दुधाला, किंवा रविवारच्या अर्ध्या किलोला 'चैन' म्हटलं की, ते घेणाऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं. तिथे बेतच लिहा. लाल खूण खोडून टाका.