आंबोलीला मुलांना नेण्याआधी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेलं सहलीचं वेळापत्रक नीट वाचलं. पाच दिवसांत आंबोली, तिलारी, वेंगुर्ला, मालवण आणि परतीच्या वाटेवर कोल्हापूर. नववी-दहावीची ४० मुलं. तुझा उत्साह मला मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट लिहितो. बाकीची चारही नावं खोड आणि फक्त आंबोली ठेव. पाचही दिवस तिथंच मुक्काम. मुलं २० ते २२, त्याहून एकही जास्त नको. तारीख जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातली धर.

पालक विचारतील, पाच दिवस एकाच गावात काय करणार? त्यांना पावसाचं उत्तर दे. समुद्रावरून आलेले ढग इथं सह्याद्रीला अडतात आणि वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पाडतात. त्या पावसावर उभं राहिलेलं जंगल बसच्या खिडकीतून दिसत नाही. पहिले दोन दिवस मुलांना धुकं, चिखल आणि न वाळणारे कपडे एवढंच दिसेल. तिसऱ्या दिवशी नजर बसते. मग तीच मुलं तुला पानामागचा बेडूक दाखवायला लागतात.

एक उदाहरण सांगतो, म्हणजे माझा हट्ट तुला पटेल. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा हिरवागार बेडूक रात्री डबक्यावर झुकलेल्या फांदीवर उतरतो. मादी अंडी घालताना एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा पांढरा फेस करते. आजूबाजूची पानं त्या फेसाला चिकटून दुमडतात. बाहेरून फेस सुकतो, आत ओल टिकते आणि अंडी त्या ओलीत वाढतात. पिल्लं तयार झाली की फेस सैल होतो आणि ती टपटप खालच्या पाण्यात पडतात. एका रात्रीचा मुक्काम असेल तर मुलांना दिसणार फेसाचा गोळा, ते त्याचा फोटो काढणार आणि विसरणार. पाच दिवस असतील तर रोज संध्याकाळी त्याच फांदीखाली जाता येईल, गोळ्याचा रंग कसा बदलतोय ते वहीत काढता येईल आणि पाऊस उघडला तर काळजीही वाटेल. ती काळजी वाटावी म्हणूनच आपण मुलांना तिथं नेतो आहोत.

सड्यावर मात्र जपून. जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर पावसाळ्यात वीतभर खोलीची डबकी साचतात आणि आंबोली टोड म्हणून ओळखला जाणारा छोटा भेक त्यांत अंडी घालतो. शास्त्रीय वर्णन होऊन त्याला नाव मिळालं ते २००९ मध्ये. आंबोली आणि आसपासचा घाटमाथा एवढंच त्याचं जग. एखादी जीप हौसेनं सड्यावर घातली की डबक्यातली आख्खी पिढी चाकाखाली जाते. म्हणून गाडी रस्त्यावरच थांबव. मुलांनी एकामागोमाग एक, दगडावर पाय ठेवत चालायचं, पाण्यात पाय घालायचा नाही.

बेडकाला हात लावायचा नाही, हे नुसतं सांगून भागत नाही, कारण सांगावं लागतं. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो, आणि आपल्या हातावर डासांचं मलम असतं, साबण असतो, घामाचं मीठ असतं. शिवाय बेडकांना होणारा बुरशीचा एक रोग चिखलाच्या बुटांतून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. निघण्याआधी सगळ्यांचे बूट ब्रशनं घासून, धुऊन, कडकडीत वाळवून घे. मुलांना हे एकदा समजलं की ती एकमेकांवर पहारा ठेवतात, तुला ओरडावं लागत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गटातली आठ-दहा मुलं आंबोलीच्याच शाळेतली असू देत. मुख्याध्यापकांना आधी पत्र लिही, मग स्वतः जाऊन भेट. त्या मुलांचा खर्च आपण करायचा आणि त्यांनाही तीच वही, तीच विजेरी, तेच जेवण द्यायचं. शहरातली मुलं गावात जाऊन गाव 'पाहतात', या प्रकाराचा मला मनस्वी तिटकारा आहे. भाताची लावणी करणाऱ्या बाईसमोर मोबाईल धरून उभं राहणारं पोर काहीच शिकत नाही. पण शेजारी चालणारा त्याच्याच वयाचा मुलगा वारुळावरची अळंबी दाखवून कुठली खायची नि कुठलीला हातही लावायचा नाही हे सांगतो, तेव्हा ज्ञान कुणाकडे आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि गावातल्या मुलालाही कळतं की आपल्याला सहज ठाऊक असलेल्या गोष्टीला मोल आहे. हा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो.

रात्रीच्या फेरीसाठी गावातलेच तरुण वाटाडे घे. बेडूक आणि साप कुठं असतात हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याशी मानधनाची घासाघीस करू नकोस. पुढं त्यांनी चालायचं, बोलायचं त्यांनी, आणि तू मुलांच्या मागं राहायचंस. तुला शास्त्रीय नावं येतात हे मला माहीत आहे. ती मुक्कामावर परत आल्यावर सांग.

हिरण्यकेशीच्या उगमाला एक आख्खी सकाळ दे. गुहेतून येणारं पाणी, महादेवाचं देऊळ, पुढं कुंड. याच पाण्यातल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, त्याला नावही हिरण्यकेशीचंच मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मुलांना तिथं व्याख्यान देऊ नकोस. चप्पल बाहेर काढायला लाव, काठावर बसव आणि एकच प्रश्न विचार: हे पाणी इतकी वर्षं कुणी राखलं असेल? देवराईतही हाच प्रश्न विचारता येईल. तिथलं वाळलेलं लाकूडही का उचलत नाहीत, हे गावातल्या जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. मुलांपैकी कुणी देव मानत नसेल तर त्याला मानायला लावू नकोस, पण नियम सगळ्यांनी पाळायचा.

पहिल्या दिवशी जमलं तर गावकऱ्यांना गाऱ्हाणं घालायची विनंती कर. ही मुलं आमच्या गावात आली आहेत, त्यांना सांभाळून घे, असं देवाला सांगितलं जातं आणि दर वाक्याला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुलांनीही म्हणावं. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आहोत हे त्यातून जितकं कळतं तितकं सूचनांच्या कागदातून कळत नाही.

एक संध्याकाळ वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेव. आंबोली, गेळे, चौकूळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक धारण केलेल्या जमिनीचा, प्रश्न कित्येक वर्षं चालत आला आहे. जंगल कुणाचं, जमीन कुणाची, हे तिथल्या माणसानं सांगितलेलं मुलांनी शांतपणे ऐकावं. चौकुळात घराघरांतून माणसं सैन्यात गेली आहेत, त्याबद्दलही विचारावं. मुलं कंटाळतील अशी भीती बाळगू नकोस. चुलीजवळ बसून, ताटात तांदळाची भाकरी आणि रानभाजी असेल तर ती भरपूर ऐकतात.

लावणीत हात घालायचा असेल तर आधी घरधन्याला विचार. त्यांचे ते मोक्याचे दिवस असतात, मुलांच्या हौसेपायी उलटीसुलटी रोपं पुन्हा लावायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. एक कोपरा देतील, तेवढ्यावर खूश राहायचं.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगतो, पण यात तडजोड करू नकोस. दर सहा मुलांमागे एक मोठं माणूस. धबधब्याच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, वर घाटात पाऊस कोसळला की खाली पाणी बघता बघता चढतं. रात्री गुडघ्यापर्यंत बूट आणि प्रत्येकाकडे विजेरी, हात विजेरीच्या उजेडाबाहेर घालायचा नाही. जळू चिकटली तर मीठ टाकू नका, ते जमिनीवर पडून बेडकांना भाजतं. नखानं अलगद सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहतंच, घाबरायचं कारण नाही. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पेशंटला हलू न देता थेट इस्पितळात न्यायचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते; आंबोलीत सर्रास दिसणाऱ्या चापड्यावर चालत नाही, म्हणून त्याच्यापासून चार हात लांबच. सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात निघण्याआधी फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारून घे. गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर मुक्कामाजवळ हवेत. धुक्यात घाट उतरायला वेळ लागतो, तो हिशेबात धर.

मुलींच्या पाळीची सोय, कपडे बदलायची आडोशाची जागा, स्वच्छ संडास हे घर ठरवतानाच विचार. यात संकोच केलास तर तीन मुली आजारपणाचं कारण सांगून घरीच राहतील आणि तुला खरं कारण कधी कळणार नाही.

मोबाईल दिवसातून अर्धा तास. बाकी वेळ वही आणि पेन्सिल. पावसात कागद भिजतो, म्हणून वहीला प्लास्टिकची पिशवी, आणि ती पिशवी परत घरी आणायची.

नवं वेळापत्रक, पालकांची संमतीपत्रं आणि घरमालकांशी ठरलेले दर या आठवड्यात मला पाठव. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला जाशील तेव्हा मीही येईन, शनिवार सोडून कुठलाही वार चालेल.

तुझा,
सर