थिएटरात जाशील तेव्हा मापाची टेप घेऊन जा

पोरी,

तुझा मेसेज वाचला. जुनी नाट्यगृहं, स्टुडिओ, शूटिंगच्या जागा यांची नोंद करायचीय म्हणतेस, खूप बरं वाटलं. माझं एकच सांगणं आहे, नुसते फोटो काढून परत येऊ नकोस, मापं घे आणि तिथं काम केलेल्या माणसांशी बोल.

आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृहच बघ. शाहू महाराजांनी 1913 ला काम काढलं, 1915 ला पॅलेस थिएटर म्हणून ते सुरू झालं, आणि पाठीला लागूनच खासबागचं कुस्तीचं मैदान. गाणारा आणि पैलवान दोघांचा मान सारखा ठेवणारा राजा, मला याचं आजही फार अप्रूप वाटतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, आणि दुसऱ्या दिवशी, ज्या गायक नटाचं नाव त्याला दिलंय, त्या केशवरावांची जयंती होती गं. छप्पर गेलं, स्टेज गेलं, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. मग जो तो म्हणायला लागला जसं होतं तसंच बांधा, बरोबरच आहे, पण जसं होतं म्हणजे नेमकं कसं? स्टेजची उंची किती, स्टेजच्या बाजूला विंगेत किती जागा, लाकूड कुठलं, वर छताला काय होतं ज्यामुळं आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा? आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कलाकारांसोबतचे सेल्फी असतात, छताकडं कॅमेरा कोण वळवतंय.

म्हणून माणसं गाठ. नेपथ्यवाले, लाईटवाले, डोअरकीपर, कार्बन जाळून प्रोजेक्टर चालवलेले जुने ऑपरेटर. आणि हो, "आठवणी सांगा" असं म्हणू नकोस, मग ते मोठ्या नटांचे किस्सेच सांगत बसतात आणि तुझी वही कोरी राहते. त्यापेक्षा दार उघडल्यापासून तिसरी घंटा होईपर्यंत तुम्ही काय काय करायचा असं विचार, म्हणजे कुठली चावी कुणाकडं, सेट कुठल्या दारानं आत यायचा, पावसाळ्यात कुठं गळायचं, सगळं आपोआप बाहेर येतं.

कोल्हापूरनं आधीच खूप घालवलंय. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली, सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ 1948 च्या जाळपोळीत सापडला आणि त्यांनी तो परत उभा केला. त्या काळातले मूकपट तर बरेचसे आज बघायलाच मिळत नाहीत.

वाईजवळ मेणवलीला जाशील तेव्हा अजून एक लक्षात ठेव, तिथं सगळे 'स्वदेस'चा घाट म्हणून फोटो काढतात, काढू देत, त्या पिक्चरमुळंच लोक तिथवर येतात. पण तुझ्या नोंदीत आधी नाना फडणवीसांचा वाडा, घाटाच्या पायऱ्या, वसईच्या मोहिमेतून आणलेली ती घंटा हे सगळं येऊ दे, पिक्चरचं नाव त्याखाली. आणि शूटिंगसाठी कुठं रंग मारलाय, काही ठोकलंय का हेही बघ, कारण पुढं कुणीतरी तेच मूळचं समजून बसतं.

सुरुवात मात्र लांब जाऊन करू नकोस. तुझ्या घराजवळचं बंद पडलेलं एका पडद्याचं जुनं थिएटर आधी घे, मालकाची परवानगी काढ, सोबत कुणालातरी ने, जुन्या जिन्यावर एकटी चढू नकोस. नकाशा कच्चा असला तरी चालेल, पाठवून दे, मापं आपण दोघं बसून तपासू.


तुझा काका