मातीची मूर्ती घरच्या घरी लवकर कशी वाळवावी?

वेळ मूर्ती घडवतानाच वाचवायचा, वाळवताना घाई करून नाही. भरीव मूर्ती कितीही वारा दिला तरी आतून ओलीच राहते. म्हणून माती थोडी घट्ट झाली की तळाकडून कोरून पोकळ करा. भिंत साधारण १ सेंमी ठेवा. निम्मं काम इथेच होतं.

तडे जातात ते असमान वाळण्यामुळे. पाणी गेलं की माती आकसते. बोटं, कान, नाक आधी सुकतात, धड मागे राहतं आणि सांध्यात चीर पडते. बारीक भागांवर प्लास्टिकची पिशवी सैलसर गुंडाळा, मूर्ती जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा खोलीत फिरू द्या, पण झोत थेट मूर्तीवर नको. कडक ऊन आणि हेअर ड्रायरही सुरुवातीला टाळाच.

माती कडक होऊन रंग फिका पडला की ओव्हन चालेल: ८०-९० अंश सेल्सिअस, दार किंचित उघडं. १०० च्या वर गेलात तर आतल्या पाण्याची वाफ होऊन मूर्ती फुटू शकते. मायक्रोवेव्हच्या तर वाटेलाही जाऊ नका.

वाळली का, हे बघायला ती गालाला लावा. गार लागली तर अजून ओल आहे.